अस्वल, मिरची आणि सरहद्द

प्रस्तुत लेखकाची एक माजी विद्यार्थिनी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात उच्च शिक्षण घेत आहे. गेल्या उन्हाळ्यात ती आपल्या दोन मैत्रिणींसह मोटारीने सरहद्द ओलांडून अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान पाहावयास गेली होती. त्या अरण्यात ग्रिझली अस्वलांचा मुक्त वावर आहे. म्हणून तेथील एका दुकानातून तिने अस्वलाला परतवून लावणाऱ्या फवाऱ्याचा एक मोठा डबा विकत घेतला. त्याच दुकानातून तिच्या एका मैत्रिणीने किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवता येईल अशी मिरचीच्या फवाऱ्याची एक चिमुकली कुपी घेतली. रात्री ग्रंथालयातून वसतिगृहाकडे परतताना जवळ असावी, एवढाच तिचा हेतू. परतीच्या वाटेवर कॅनडाच्या नाक्यावर अधिकाऱ्याने शस्त्र वगैरे काही आहे काय, असे विचारले. दोघींनी आपापली वस्तू पुढे केली. अधिकाऱ्याने मोठा डबा हातात फिरवून त्यावरील मजकूर वाचला आणि तो परत दिला. चिमुकली कुपी मात्र त्याने ठेवून घेतली. शिवाय ती आपण होऊन दाखवली म्हणून प्रकरण एवढ्यावरच मिटत आहे, अशी समजही दिली. ‘सर, मोठा डबा सुटला आणि लहान कुपी अडकली, हे कोणते शास्त्र?’ असा प्रश्न या विद्यार्थिनीने पत्रातून विचारला आहे.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु दरवर्षी महाराष्ट्रातील हजारो घरांतून मुले-मुली शिक्षणासाठी परदेशी जातात, आणि निघताना त्यांच्या पिशवीत आई, मावशी किंवा आत्या लोणच्याच्या बरणीबरोबरच अशी एखादी कुपीही ठेवून देते. आपल्याकडे ती कोणत्याही परवान्याशिवाय औषधांच्या दुकानात मिळते. तिकडे तीच वस्तू शस्त्र ठरते. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर नीट शोधणे अगत्याचे आहे.

डब्यात काय असते?

ग्लेशियर उद्यान आणि त्याला लागून असलेले अल्बर्टातील वॉटर्टन लेक्स उद्यान ही दोन्ही मिळून १९३२ मध्ये ‘आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान’ म्हणून घोषित झाली. जगातील ते अशा प्रकारचे पहिले उद्यान होय. दोहोंमधून ४९ वे अक्षवृत्त जाते आणि तीच दोन राष्ट्रांची सरहद्द आहे. ती ओळखू यावी म्हणून दाट जंगलातून सुमारे सहा मीटर रुंदीचा पट्टा झाडे तोडून मोकळा ठेवलेला आहे. अस्वलांना या पट्ट्याचे काहीच सोयरसुतक नाही. सकाळी अमेरिकेत असलेले जनावर दुपारी कॅनडात असते.

याच ग्लेशियर उद्यानात १२ आणि १३ ऑगस्ट १९६७ च्या दरम्यानच्या रात्री, एकमेकांपासून कित्येक मैल दूर असलेल्या दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या ग्रिझलींनी दोन तरुणींचे बळी घेतले. १९१० मध्ये उद्यान स्थापन झाल्यापासून अस्वलाने माणूस मारल्याच्या या पहिल्याच घटना होत्या. त्यानंतर उद्यानांतील कचऱ्याची व्यवस्था बदलली, अस्वलांना खाऊ घालण्याची हौस थांबली, आणि माणसाने अस्वलापासून बचाव करावा कसा, याचा गंभीरपणे अभ्यास सुरू झाला. १९८० च्या दशकाच्या आरंभी मोंटाना विद्यापीठात मिरचीच्या अर्कावर प्रयोग झाले आणि त्यांतूनच आजचा फवारा जन्मास आला.

त्याची उपयुक्तता केवळ ऐकीव नाही. अलास्कामधील १९८५ ते २००६ या काळातील ८३ प्रसंगांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तपकिरी अस्वलांवर हा फवारा वापरला गेला तेव्हा १०० पैकी ९२ वेळा त्यांचे आक्रमक किंवा नकोसे वर्तन थांबले, आणि जवळून झालेल्या गाठीभेटींत फवारा बाळगणाऱ्यांपैकी ९८ टक्के माणसे सुखरूप राहिली, असे त्यात आढळले. शिवाय बंदुकीच्या गोळीने अस्वल मरते, फवाऱ्याने ते केवळ पळते. माणूस आणि जनावर दोघेही जिवंत राहतात, हा या साधनाचा मोठाच गुण म्हणावा लागेल.

अमेरिकेत या डब्याची नोंदणी तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेकडे कीटकनाशकांच्या कायद्याखाली होते. डब्यात किमान २२५ ग्रॅम द्रव्य असावे, फवारा किमान २५ फुटांपर्यंत जावा, तो किमान सहा सेकंद टिकावा आणि त्यातील तिखट द्रव्याचे प्रमाण एक ते दोन टक्के असावे, असे तेथील दंडक आहेत. कॅनडातही त्याची नोंदणी कीडनियंत्रणाच्या कायद्याखालीच, आरोग्य खात्याच्या एका विभागाकडे होते. म्हणजे कायद्याच्या दप्तरात उंदराचे औषध आणि ग्रिझलीचा फवारा हे शेजारी शेजारी बसलेले आहेत!

द्रव्य एक, हेतू दोन

हे तिखट द्रव्य म्हणजे आपल्या मिरचीतील कॅप्सायसिन. मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि तेथून तिने आपल्या स्वयंपाकघराचा असा काही कब्जा घेतला की, आज वाळलेल्या मिरचीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे. कॅप्सायसिन सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंतील एका विशिष्ट ग्राहकावर काम करते. हा ग्राहक शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांमधील ग्राहकाला कॅप्सायसिन झोंबत नाही. म्हणूनच पिंजऱ्यातला पोपट हिरवी मिरची आवडीने खातो. अस्वल आणि माणूस यांच्या बाबतीत मात्र मिरची भेदभाव करीत नाही.

जो भेद मिरची करीत नाही, तो कायद्याला करावा लागतो. कॅनडाच्या फौजदारी कायद्याखालील नियमांनुसार माणसाला इजा करण्यासाठी, जखडण्यासाठी किंवा अन्य प्रकारे निष्प्रभ करण्यासाठी बनवलेले वायूचे वा फवाऱ्याचे कोणतेही साधन हे निषिद्ध शस्त्र आहे. जनावरांसाठी बनवलेला, आणि तसे वेष्टनावर स्पष्टपणे छापलेला डबा मात्र शस्त्र मानला जात नाही. आपल्या विद्यार्थिनीच्या कोड्याचे उत्तर येथे मिळते. नाक्यावरील अधिकाऱ्याने डब्याचे आकारमान पाहिले नाही, त्यातील तिखटाचे प्रमाणही मोजले नाही. ही वस्तू कोणासाठी बनवली आहे, एवढेच त्याने वाचले.

यात काही विक्षिप्तपणा आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडेही शासन हेच करीत आले आहे. शिधावाटप दुकानातील रॉकेलला निळा रंग दिला जाई, तो रॉकेलचा गुण बदलावा म्हणून नव्हे, तर ते कोणाच्या चुलीसाठी आहे हे ओळखता यावे म्हणून. २०१५ पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्याचा एक उद्देश शेतकऱ्याच्या नावाने निघालेले खत कारखान्यांत जाऊ नये हाच होता. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा सर्वोच्च न्यायालयापुढे गेला तेव्हा १९५१ मध्ये न्यायालयाने बलसारा खटल्यात दारूबंदी सामान्यतः ग्राह्य मानली. परंतु मद्यार्क असलेली औषधे आणि प्रसाधने जवळ बाळगण्यावरील व वापरण्यावरील बंदी रद्द ठरवली. मद्यार्क तोच, पेल्यातला वेगळा आणि औषधाच्या बाटलीतला वेगळा. आंतरराष्ट्रीय कायदाही याच वाटेने जातो. १९९३ च्या रासायनिक शस्त्रविषयक करारानुसार दंगल पांगवण्याचा अश्रुधूर युद्धपद्धती म्हणून रणांगणावर वापरता येत नाही, पण पोलिसांना तो शहरात वापरता येतो.

सारांश, वस्तूवर नव्हे तर तिच्या हेतूवर नियंत्रण ठेवणे ही आधुनिक शासनाची जुनी रीत आहे आणि लेबल हे त्या हेतूचे लेखी निवेदन होय.

लेबलाच्या पलीकडे

पण या रीतीची मर्यादाही तितकीच जुनी आहे. दारूबंदीच्या काळात औषधी टिंक्चर आणि रंगाऱ्यांचे स्पिरिट कोठे कोठे जात असे, हे त्या पिढीतील मंडळींना सांगावयास नको. लेबल दुकानदाराला बांधते, कारखानदाराला बांधते. विकत घेणाऱ्याच्या हाताला ते बांधू शकत नाही. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांतील विनिपेग, सॅस्काटून, एडमंटन यांसारख्या शहरांत आज हाच अनुभव येत आहे. ज्या रस्त्यांवर अस्वल फिरकण्याची सुतराम शक्यता नाही, तेथे अस्वलाचा फवारा लुटालुटीत आणि मारामाऱ्यांत वापरला जात आहे. त्यामुळे अनेक दुकानांत तो कुलपात ठेवतात. माणसाविरुद्ध वापरण्याच्या इराद्याने तो बाळगणे हा तेथे गुन्हाच आहे. परंतु इरादा सिद्ध करणे सोपे नसते.

म्हणून नाक्यावर ‘हा कशासाठी?’ असे विचारले तर राग मानू नये. त्या प्रश्नाचे एकच खरे उत्तर त्या देशात कायदेशीर आहे: अस्वलासाठी. ‘अस्वलासाठी, आणि वेळ पडल्यास माणसासाठीही’ असे आपल्याकडील सवयीने कोणी मोकळेपणाने सांगून बसला, तर त्याच डब्याचे शस्त्र होते.

येथे त्या दुसऱ्या मुलीची बाजू मांडणे न्यायाचे ठरेल. जंगलातील अस्वलापासून बचाव करण्याचा मला हक्क आहे, मग रस्त्यावरील माणसापासून का नाही, असे ती विचारील. तिचा प्रश्न खोटा नाही. अमेरिकेतील राज्यांनी आणि आपल्या देशाने तिला अनुकूल उत्तर दिले आहे. ब्रिटनने मात्र १९६८ च्या अग्निशस्त्र कायद्यान्वये असा फवारा निषिद्ध शस्त्रांत घातला आहे, आणि कॅनडाचे उत्तरही नकाराचेच आहे. या नकारामागील युक्तिवाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. एकाने कुपी बाळगली तर तो एकटा अधिक सुरक्षित होतो. सर्वांनी बाळगली तर ती हल्लेखोराच्याही खिशात येते, आणि पहिला फवारा बहुधा तोच मारतो. व्यक्तीचा लाभ आणि समाजाचा लाभ येथे एका दिशेने जात नाहीत.

हा युक्तिवाद मान्य केला, तरी त्याची किंमत चुकती करणे हे त्या शासनाचे कर्तव्य ठरते. मुलीच्या हातातील कुपी काढून घेणाऱ्या समाजाने तिच्या वाटेवरचा दिवा पेटता ठेवला पाहिजे, रात्रीची बस वेळेवर सोडली पाहिजे आणि तिने बोलावताच पोलीस पाठवला पाहिजे. हे होत नसेल, तर नाक्यावरची दक्षता एकतर्फी ठरेल. परंतु याचा निवाडा त्या देशातील नागरिकांनी आणि मतदारांनी करावयाचा आहे. पाहुणी म्हणून गेलेल्या विद्यार्थिनीने तो आपल्या पिशवीतून करू नये. त्यात तिचेच नुकसान आहे. कुपी जप्त होणे हे त्यातील सर्वांत लहान नुकसान. प्रकरण वाढले तर निषिद्ध शस्त्र आणल्याचा आरोप तिच्या नावावर येऊ शकतो, आणि शिक्षणाच्या परवान्यावर राहणाऱ्या परक्या देशातील मुलीला असा डाग फार महागात पडतो.

विमानाचा वेगळा न्याय

जमिनीवरील नाक्यावर लेबल वाचले जाते. विमानात मात्र तेही वाचले जात नाही, आणि ते योग्यच आहे. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या नियमांनुसार असे झोंबणारे द्रव्य असलेले फवारे अंगावर, हातातील पिशवीत किंवा सोपवलेल्या सामानात, कोठेही नेता येत नाहीत. अमेरिकेतील देशांतर्गत नियम सोपवलेल्या सामानात स्वसंरक्षणाची एक लहानशी कुपी नेऊ देतात, पण अस्वलाच्या फवाऱ्याचा मोठा डबा तेथेही चालत नाही.

याचे कारण समजण्यासाठी एकच घटना पुरेशी आहे. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका मोठ्या व्यापारी गोदामात यंत्रमानवाच्या धक्क्याने अस्वलाच्या फवाऱ्याचा एक डबा फुटला आणि २४ कामगारांना रुग्णालयात न्यावे लागले. गोदामाला दारे होती, बाहेर पळून जाण्यास मोकळे अंगण होते. तीस हजार फुटांवरील बंद विमानात, आणि त्यातही वैमानिकाच्या डोळ्यांत, ते द्रव्य गेले तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. डब्याचा हेतू कितीही शुद्ध असला, तरी डबा फुटताना हेतू विचारीत नाही. म्हणून येथे कायदा हेतू सोडून द्रव्याकडे पाहतो. दोन ठिकाणचे धोके वेगळे, म्हणून दोन ठिकाणचे न्याय वेगळे. त्यात विसंगती नाही.

विसंगती असलीच तर ती अन्यत्र आहे. विमानतळाचा नियम एका खात्याकडे, सरहद्दीचा दुसऱ्याकडे, नोंदणीचा तिसऱ्याकडे आणि उद्यानाचा चौथ्याकडे, अशी ही विभागणी आहे. अमेरिकेच्या एकाच राष्ट्रीय उद्यान सेवेखाली येलोस्टोन आणि ग्लेशियर येथे फवारा जवळ बाळगण्याचा आग्रह धरला जातो, तर कॅलिफोर्नियातील योसेमिटीत तो नेण्यास बंदी आहे. कारण योसेमिटीत ग्रिझली नाहीत, केवळ काळी अस्वले आहेत. कारण समंजस आहे. पण परदेशातून चार दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाला ते आपोआप कळावे, ही अपेक्षा समंजस नाही. अर्धवट माहितीमुळे भलतेच प्रकारही घडतात. डासांचे मलम अंगाला लावावे तसा हा फवारा अंगावर किंवा तंबूवर मारणारे पर्यटक निघतात, आणि उद्यानातील रक्षकांना त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा बजावावे लागते. लेबल न वाचण्याचा दंड सरहद्दीवर पैशांत भरावा लागतो, तर जंगलात तो डोळ्यांनी भरावा लागतो.

खर्चाचा हिशेब

आता शेवटी हिशेबाची बाजू. डब्याची किंमत साधारणतः चाळीस-पन्नास डॉलर. तो तीन-चार वर्षे टिकतो. प्रवाशाला त्याची गरज तीन-चार दिवसच असते, आणि सुदैवाने बहुतेकांना तो एकदाही वापरावा लागत नाही. विमानाने परतणारा प्रवासी तो बरोबर नेऊ शकत नाही. म्हणजे भरलेला, न उघडलेला, दाबाखालील एक डबा दर प्रवाशामागे मागे राहतो. कचऱ्याच्या गाडीत तो चेपला गेला तर त्याचा त्रास गाडीवरील कामगाराला होतो. खरेदी एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे. मोंटाना राज्य विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी असे डबे सुरक्षितपणे रिकामे करून धातू परत मिळवणारे यंत्र येलोस्टोनसाठी तयार केले, ही म्हणूनच कौतुकाची गोष्ट आहे. त्याहूनही सोपा उपाय म्हणजे डबा भाड्याने देणे. येलोस्टोन परिसरात ही सोय आहे. ती वॉटर्टन-ग्लेशियरसारख्या जोड-उद्यानांत दोन्ही देशांनी मिळून केली, एका बाजूला घेतलेला डबा दुसऱ्या बाजूला परत करण्याची मुभा दिली, तर सरहद्दीवरील निम्मे प्रश्न उद्भवणारच नाहीत. ज्या उद्यानाच्या नावात गेली नव्वदहून अधिक वर्षे शांतता नांदत आहे, तेथे एका डब्याबाबत दोन सरकारांचे एकमत होण्यास अडचण नसावी.

तोपर्यंत आपण काय करावे? परदेशी निघालेल्या मुलीच्या पिशवीत मिरचीच्या फवाऱ्याची कुपी ठेवू नये. ठेवायचीच तर त्या देशातील मदतीच्या दूरध्वनी क्रमांकांची चिठ्ठी ठेवावी. जंगलात जाणाऱ्याने फवारा तेथेच घ्यावा किंवा भाड्याने आणावा, ‘अस्वलांसाठी’ असे स्पष्टपणे छापलेला आणि सरकारी नोंदणी असलेलाच घ्यावा, नाक्यावर विचारण्याची वाट न पाहता दाखवावा, आणि विमानतळावर जाण्यापूर्वी योग्य ठिकाणी परत द्यावा. आपल्या महाविद्यालयांत परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शनाचे वर्ग भरतात. शिष्यवृत्ती, व्हिसा आणि बँकेचे कर्ज यांवर तेथे तासन्‌तास बोलले जाते. त्यांत अर्धा तास ‘काय नेऊ नये’ यासाठी राखून ठेवला, तर शिक्षक म्हणून आपले एक कर्तव्य पार पडेल.

विद्यार्थिनीला आम्ही उत्तर पाठवले आहे. कोणते शास्त्र, असे तिने विचारले होते. ते लेबल वाचण्याचे शास्त्र आहे, आणि त्या दिवशी नाक्यावर तिचा त्यातला पहिला धडा झाला, असे तिला कळवले आहे. मैत्रिणीच्या वसतिगृहाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवे आहेत की नाहीत, हेही विचारले आहे. नसतील तर दोघींनी मिळून विद्यापीठाकडे लेखी अर्ज करावा, असा सल्ला सोबत दिला आहे.